अशक्य त्रिकोण काढा, पण आधी जिना मोजा

आर्किटेक्चर किंवा डिझाइनच्या प्रवेश परीक्षेला बसणाऱ्या कुठल्याही मुलाची रफ वही मागच्या बाजूने उघडून बघा. पेनरोझचा त्रिकोण तिथे सापडतोच. तीन जाड दांड्या, तीन काटकोन, आणि एकमेकींत अशा अडकलेल्या की कुठल्याही सुताराने हात जोडावेत. ग्वाल्हेरच्या सिटी सेंटरमध्ये संध्याकाळी क्लास सुटल्यावर पायऱ्यांवर टेकलेली मुलं मोबाइलवर बघून तो काढतात, आणि छान काढतात. त्यांतल्या एखाद्याला म्हणा, "बाळा, आता ज्या जिन्यावर बसलायस त्याचा प्लॅन काढून दाखव." पेन्सिल तिथेच थांबते.

त्या त्रिकोणाविषयी माझी तक्रार नाही. तो शिकवायलाच हवा, या मताचा मी आहे. पण तो आधी काढला तर मूल एक आकृती पाठ करतं, इतकंच. खरी वस्तू मोजून, तिचे तीन व्ह्यू मांडून मग त्याच्याकडे वळलं, तर कागदावरची रेघ नेमकी कुठे फसवू शकते हे एकदाच आणि नीट कळतं. म्हणून पुढचे सराव दिलेल्या क्रमानेच करावेत. मधला एखादा गाळून थेट गमतीच्या भागावर उडी मारायचा मोह होईल, तो आवरावा.

आपल्याकडच्या मराठी घरांसाठी एक गोष्ट आधी सांगून टाकतो. पुण्या-नागपूरच्या मावस-चुलत भावंडांनी शाळेतच एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट दिलेली असते. महाराष्ट्राच्या कला संचालनालयाच्या या परीक्षांत भूमिती आणि अक्षरलेखनाचा पेपर असतो, आणि इंटरमीजिएटला घनभूमितीही येते. म्हणजे चौदा-पंधराव्या वर्षी त्या मुलांनी घन, चिती, सूची हे सगळं एकदा तरी वरून आणि समोरून काढलेलं असतं. ग्वाल्हेरच्या शाळेत हे सहसा वाट्याला येत नाही. "आमच्या मुलीची चित्रकला फार चांगली आहे" असं आई-बाबा सांगतात ते खरंच असतं. फक्त ती चित्रकला फुलं, चेहरे आणि गणपतीची असते. घाबरू नका, दोन-तीन महिन्यांच्या नेमाने हे भरून निघतं. कुणा नातेवाइकाकडे इंटरमीजिएटची जुनी भूमितीची पुस्तकं धूळ खात पडली असतील तर मागवून घ्या. त्यांची छपाई जुनी वाटेल, पण आकृत्या आजही उपयोगाच्या आहेत.

सामान फार लागत नाही. बांधणीच्या फिक्या रेषांसाठी २एच पेन्सिल, पक्क्या कडांसाठी एचबी, गुण्यांची जोडी, पाच मीटरचा टेप, आलेख कागद आणि आयसोमेट्रिक ठिपक्यांचा कागद. हा ठिपक्यांचा कागद दुकानात मिळाला नाही तर छापून घ्यावा. मिनी ड्राफ्टर पहिल्या महिन्यात नको. तो हाताशी असला की मूल रेघ सरळ आली यावरच खूश होतं. वस्तू बरोबर आली का, हे बघायचं राहून जातं. आणि बांधणीच्या रेषा खोडू नका. तपासणारा आधी त्याच बघतो.

आता जिना. ड्रॉइंग म्हटलं की मुलं थेट किल्ल्यावर पळतात. सुरुवातीला किल्ला नको. मानमंदिराचे गोल बुरूज, त्यांवरच्या घुमट्या, रंगीत टाइल्समधली बदकं आणि केळी हे सगळं देखणं आहे, पण वक्र आहे. आपल्याला आधी काटकोन हवेत, आणि काटकोनांच्या बाबतीत सिटी सेंटरइतकं श्रीमंत ठिकाण ग्वाल्हेरात दुसरं नाही. (तिथल्या रहिवाशांनी हे मनाला लावून घेऊ नये.) क्लासच्या इमारतीतला, मध्ये लँडिंगवर वळून उलटा वर जाणारा जिना निवडा. चौकीदाराला विचारा, गर्दी नसलेली वेळ बघा आणि मोजा: एका पायरीची उंची म्हणजे रायझर, पाय ठेवायची खोली म्हणजे ट्रेड, जिन्याची रुंदी आणि लँडिंग.

समजा, मजल्याची उंची ३ मीटर आणि रायझर १५ सेंटिमीटर निघाला. म्हणजे एकूण २० रायझर, प्रत्येक टप्प्यात १०. आता प्लॅनमध्ये एका टप्प्यात ट्रेड किती काढायचे? जवळजवळ प्रत्येक मूल १० काढतं. उत्तर ९ आहे, कारण दहावा रायझर चढलं की पाय ट्रेडवर पडत नाही, लँडिंगवर पडतो. ट्रेड ३० सेंटिमीटर असेल तर टप्प्याची आडवी लांबी २.७ मीटर आणि उंची १.५ मीटर. १:५० या प्रमाणात कागदावर ती ५.४ आणि ३ सेंटिमीटर होते. हा एक आकडा चुकला की सेक्शनमध्ये जिना लँडिंगच्या आत घुसतो, आणि तेव्हा लक्षात येतं की ट्रेड किती हे नजरेने सांगता येत नव्हतं, मोजूनच ठरवावं लागणार होतं. मी तर म्हणेन, अशक्य वस्तूची पहिली ओळख इथेच होते. खऱ्या जिन्याचं चुकीचं ड्रॉइंग हीसुद्धा बांधता न येणारी वस्तूच असते.

तीन व्ह्यू मांडताना आपल्याकडे प्रथम कोन पद्धत चालते: समोरचा व्ह्यू वर, त्याच्या खाली प्लॅन, आणि डावीकडून दिसणारी बाजू उजवीकडे. परदेशी व्हिडिओंत बऱ्याचदा तृतीय कोन असतो, त्यात प्लॅन वर जातो. दोन्हींची सरमिसळ हा क्लासमधला नेहमीचा घोटाळा आहे. पद्धत लक्षात राहत नसेल तर तिचा उगम लक्षात ठेवा. १७६०च्या दशकात फ्रान्समधल्या मेझिएरच्या लष्करी शाळेत गास्पार मोंज या तरुणाला तटबंदीचा एक प्रश्न सोडवायला दिला होता: शत्रूच्या तोफांच्या टप्प्यात येणार नाही अशी भिंत कुठे आणि किती उंच बांधायची. नेहमीची लांबलचक आकडेमोड टाळून त्याने एकमेकांना काटकोनात असलेल्या दोन पृष्ठांवर वस्तूचे प्रक्षेप घेतले आणि उत्तर रेषांनी काढलं. ही रीत बराच काळ लष्करी गुपित होती. १७९५मध्ये त्याने ती जाहीर व्याख्यानांत शिकवली. किल्ल्याच्या गावात राहणाऱ्यांना ही गोष्ट विसरायला नको.

आयसोमेट्रिक त्यानंतर. केंब्रिजच्या विल्यम फॅरिशने १८२२मध्ये या पद्धतीवर लिहिलं, ते यंत्रं समजावून सांगायच्या गरजेतून. घनाकडे त्याच्या एका कोपऱ्यातून, थेट कर्णाच्या दिशेने बघायचं. तिन्ही दिशांच्या कडा सारख्याच आखूड दिसतात, मूळ लांबीच्या सुमारे ०.८१६ पट. आडव्या दोन दिशा कागदावर ३० अंशांनी उतरतात, उभी उभीच राहते. पूर्ण लांबी घेऊन काढलं तर ते आयसोमेट्रिक ड्रॉइंग, ०.८१६ची पट्टी वापरली तर आयसोमेट्रिक प्रोजेक्शन. प्रश्नात कुठला शब्द आहे ते नीट वाचा, इथे गुण जातात. पण खरं लक्षात ठेवायचं ते वेगळंच आहे: या पद्धतीत दूरची वस्तू लहान होत नाही. जवळचा घन आणि दहा हात मागचा घन कागदावर एकाच मापाचे. मोजायला सोयीचं म्हणून इंजिनीअर ही पद्धत वापरतात, आणि हीच सोय पुढे आपल्याला फसवणार आहे.

त्याआधी प्रमाणाचा एक सराव, आणि त्यासाठी आता किल्ल्यावर जायला हरकत नाही. चतुर्भुज मंदिरातल्या इ.स. ८७६च्या शिलालेखात शून्य कोरलेलं आहे म्हणून जगभरचे लोक ते बघायला येतात. ते शून्य कशात आहे, हे मात्र फार थोडे विचारतात. ते एका बागेच्या मापात आहे: २७० हात लांब, १८७ हात रुंद. देवाला फुलं मिळावीत म्हणून दिलेली बाग. एक हात अंदाजे ४५ सेंटिमीटर धरला तर ती साधारण १२१.५ बाय ८४ मीटर होते. १:५००ला काढली तर २४.३ बाय १६.८ सेंटिमीटर, म्हणजे ए४ कागदावर समास सोडून नेटकी बसते. वाफे, वाटा, विहीर तुमच्या मनाची, पण सीमा त्या मापाची. वाटेची रुंदी माणसाला फुलांची टोपली घेऊन चालता येईल एवढी ठेवा. प्रमाण कळलं की नाही ते वाटेच्या रुंदीवरून ओळखता येतं.

एवढं झालं की त्रिकोणाकडे वळा. त्याची कुळकथा थोडक्यात अशी. १९३४मध्ये स्वीडनच्या ऑस्कर रॉयटर्सवार्ड या शाळकरी मुलाने लॅटिनच्या तासाला चाळा म्हणून नऊ घनांचा एक त्रिकोण रेखाटला, जो प्रत्यक्षात रचता येत नाही. पुढे आयुष्यभर तो अशाच आकृत्या काढत राहिला आणि १९८२मध्ये स्वीडनने त्यांवर टपाल तिकिटं काढली. याची काहीच कल्पना नसलेल्या रॉजर पेनरोझने १९५४मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या गणित परिषदेत डच चित्रकार एशरच्या चित्रांचं प्रदर्शन पाहिलं आणि घरी येऊन दांड्यांचा त्रिकोण काढला. वडील लायनेल यांनी त्यात कधीच न संपणाऱ्या जिन्याची भर घातली. बाप-लेकांचा लेख १९५८मध्ये मानसशास्त्राच्या एका ब्रिटिश नियतकालिकात छापून आला, आणि तो एशरपर्यंत पोचल्यावर १९६०मध्ये त्याचं चढत्या-उतरत्या जिन्याचं आणि १९६१मध्ये धबधब्याचं चित्र झालं. रॉजर यांना २०२०मध्ये भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, तेही कृष्णविवरांवरच्या कामासाठी.

काढायची रीत अशी. ठिपक्यांच्या कागदावर ८ एककांचा समभुज त्रिकोण घ्या आणि त्याची तिन्ही टोकं एकेका एककाने छाटा. बाहेरची कड आता ६, १, ६, १, ६, १ अशी झाली. तिन्ही मोठ्या बाजूंपासून दोन-दोन ओळी आत सरकलं की मधोमध २ एककांचा छोटा त्रिकोण बसतो. त्याची प्रत्येक बाजू एका टोकाने १ एकक पुढे वाढवा, आणि तिन्ही बाजू एकाच फेऱ्याने वाढवा: एक घड्याळाच्या दिशेने आणि दुसरी उलट असं झालं की सगळं बिघडतं. वाढवलेल्या टोकापासून, बाहेरच्या बाजूपासून एक ओळ आत, तिला समांतर ५ एककांची रेषा काढा. ती बरोबर छाटलेल्या टोकाच्या कोपऱ्यावर जाऊन थांबते. तीन बाजूंना तीन अशा रेषा. आकृतीत तीन सारखे, वळलेले पट्टे तयार होतील. एक कोरा ठेवा, एकाला फिकी छटा द्या, एकाला गडद.

आता कुठलाही एक कोपरा उघडा ठेवून बाकीचं हाताने झाका. तो कोपरा शंभर टक्के खरा आहे. सुतार उद्या करून देईल. दुसरा कोपरा, तोही खरा. तिसराही. छटासुद्धा प्रत्येक कोपऱ्यात बरोबर. खोट कुठल्याही एका जागी नाही, ती फक्त फेरी पूर्ण केल्यावर सापडते. ती शोधायची एक साधी युक्ती आहे. आकृतीच्या एका टोकापासून बोट फिरवायला सुरुवात करा आणि प्रत्येक दांडीवर लिहा: आपण बघणाऱ्याच्या जवळ येतोय की दूर जातोय, आणि किती. आयसोमेट्रिकमध्ये तिन्ही दिशा कर्णाशी सारखाच कोन करतात, म्हणून प्रत्येक दांडीवर सरकणं सारखंच. खरी बंद आकृती असेल तर फेरीची बेरीज शून्य यायला हवी. इथे पहिल्या दांडीवर जवळ, दुसरीवर जवळ, तिसरीवरही जवळ. तरी निघालो होतो तिथेच पोचलो! दूरची वस्तू लहान होत नाही, म्हणून डोळ्याला हे अंतर दिसलं नाही. हाच त्रिकोण दोन लोपबिंदूंच्या पर्स्पेक्टिव्हमध्ये, म्हणजे दूरची वस्तू लहान होते अशा पद्धतीत, काढायचा प्रयत्न करा. जवळ येणारी दांडी जाड होत जाईल आणि शेवटी टोकं जुळणार नाहीत.

इथे बहुतेक क्लास थांबतात. मी म्हणेन, खरा धडा इथून पुढे आहे. पुठ्ठा आणा आणि वस्तू करा.

जाड पुठ्ठ्याचा एक पाया घ्या. २ बाय २ सेंटिमीटर जाडीच्या चौकोनी नळ्या दुमडा: एक १२ सेंटिमीटरची, एक १० सेंटिमीटरची. टोकं पुठ्ठ्याने बंद करा. पहिली नळी पायावर अशी चिकटवा की तिचं एक टोक तुमच्यापासून दूर मधोमध असेल आणि ती तिरपी होत उजव्या हाताला तुमच्याकडे येईल. दुसरी तिच्या उजव्या टोकाच्या पुढच्या बाजूला, काटकोनात, तिरपी होत डावीकडे तुमच्या जवळ. वरून पाहिलं तर दोन्ही मिळून काटकोन दिसतो आणि त्याचं टोक उजवीकडे येतं. तिसरी दांडी उभी, दुसरीच्या जवळच्या टोकावर, ८ सेंटिमीटर उंच. पण ही नळी करायची नाही. ४ सेंटिमीटर रुंदीची पट्टी मधोमध काटकोनात दुमडायची, तिच्या उजव्या भागाची वरची कड दुमडीपासून बाहेरच्या बाजूला २ सेंटिमीटर खाली उतरेल अशी तिरकी कापायची आणि दुमडलेली कड तुमच्याकडे करून उभी करायची. मागच्या दोन भिंती नाहीत, वर झाकण नाही. झाकण असेल तर ते मागच्या दांडीचा भाग लपवतं आणि भांडं फुटतं. मग पायाची मागची कड उचलून तो सुमारे ३५ अंश तिरपा टेकवा, मोबाइल त्याच पातळीवर धरून तीन-चार मीटर मागे जा आणि झूम करा. एक डोळा मिटूनही चालतं, पण कॅमेऱ्याला मुळात एकच डोळा असल्यामुळे तो जास्त चटकन फसतो. मोबाइल बोटभर इकडेतिकडे सरकवत राहा. एका जागी त्रिकोण बंद होईल. सावल्या गुपित फोडतात, म्हणून थेट ऊन नको. खिडकीतला मवाळ उजेड बरा.

तुमच्या पुठ्ठ्याच्या वस्तूत उभ्या पट्टीचं टोक आणि पहिल्या नळीचं सुरुवातीचं टोक यांच्यात सतरा सेंटिमीटरहून जास्त पोकळी आहे, आणि फोटोत ती शून्य आहे. आता या वस्तूचे तीन व्ह्यू काढा. समोरून काटकोनात वळलेली एक दांडी. वरूनही तसंच. बाजूनेही तसंच. तीन साधे, प्रामाणिक काटकोन, त्रिकोणाचा मागमूसही नाही. जे तीन व्ह्यू मुलांना रटाळ वाटत होते त्यांनी लपवलं काहीच नाही, आणि जे एक चित्र सगळं सांगून टाकतंय असं वाटत होतं त्यानेच थाप मारली. माझ्या मते तीन व्ह्यू का काढायचे, याचं यापेक्षा चांगलं उत्तर कुठल्याही पाठ्यपुस्तकात नाही. मोठ्या मापावर हे पाहायचं असेल तर ऑस्ट्रेलियातल्या पर्थ शहरात चौकात उभं असलेलं १९९९चं शिल्प नेटवर शोधा. साडेतेरा मीटर उंच, आणि ते ठरावीक जागेवरूनच त्रिकोण दिसतं. बाकी सगळीकडून तीन भलत्याच दिशांना गेलेल्या दांड्या.

आता सुरुवातीचा जिना पुन्हा घ्या आणि तो न संपणारा करा. हे काम अंदाजाने होत नाही. किती पायऱ्या आणि किती चढ, याचं गणित जुळावं लागतं. एक जुळणारं माप देतो. प्रत्येक पायरी ६ एककांची चौकोनी फरशी, प्रत्येक पायरीला चढ १ एकक. तुमच्याकडे येणाऱ्या दोन बाजूंना चार-चार पायऱ्या चढा, तुमच्यापासून दूर जाणाऱ्या दोन बाजूंना दोन-दोन. एकूण बारा. फेरी पुरी झाली तेव्हा तुम्ही एका आडव्या दिशेने १२ एकक सरकला, दुसऱ्या आडव्या दिशेनेही १२, आणि वरही १२. तिन्ही दिशांना सारखंच सरकलात म्हणजे कर्णावरून थेट बघणाऱ्याच्या डोळ्याच्या रेषेत आलात, आणि आयसोमेट्रिकमध्ये ते सरकणं दिसतच नाही. शेवटची पायरी पहिलीला बेमालूम मिळते. एकक ३ मिलिमीटर घेतलं तर आकृती ए४वर सहज मावते. दुसरी मापंही शोधता येतात, आणि गणितात रस असलेल्या मुलाला त्यासाठी दोन समीकरणं मांडायला सांगावीत. जाता जाता: १ला ६ हा चढ म्हणजे जिना कमी आणि उतार जास्त. सिटी सेंटरच्या ज्या जिन्याने तुम्ही सुरुवात केली तो १ला २ होता.

आणखी एका अशक्य आकृतीबद्दल, तीन दात्यांच्या काट्याबद्दल, फार लिहीत नाही. टोकाला तीन गोल दांड्या, बुडाशी दोनच चौकोनी. १९६४मध्ये अमेरिकन मानसशास्त्राच्या नियतकालिकात तो आला आणि पुढच्या वर्षी मॅड मासिकाच्या मुखपृष्ठावर पोचला. त्याची खोट वेगळ्या जातीची आहे, आणि ती पकडायची रीतही वेगळी. अंतराची बेरीज इथे कामाची नाही. त्याला रंग भरायला घ्या. एका टोकाला जी जागा मोकळी हवा होती तीच दुसऱ्या टोकाला लाकडाचं पृष्ठ होते, आणि रंगपेटी मध्येच अडते. त्रिकोणाच्या बाबतीत रंग अडत नाही, बेरीज अडते. या दोन चाचण्या हाताशी असल्या की परीक्षेत "यांपैकी कोणती आकृती प्रत्यक्षात शक्य नाही" असा प्रश्न आला तरी अंदाजाने खूण करावी लागत नाही.

इंग्रज चित्रकार विल्यम होगार्थने १७५४मध्ये पर्स्पेक्टिव्हच्या एका पाठ्यपुस्तकासाठी मुद्दाम चुकांनी भरलेलं चित्र काढलं होतं: खिडकीतली बाई दूरच्या टेकडीवरच्या माणसाचा पाइप पेटवून देते, मेंढ्या दूर जातील तशा मोठ्या होत जातात. पुस्तकाच्या सुरुवातीलाच ते छापलं होतं, म्हणजे नियम न शिकता चित्र काढलं तर काय होतं ते आधीच दिसावं. हा खेळ दोघांनी खेळावा. हायकोर्टाच्या बाजूचा रस्ता किंवा जिवाजी विद्यापीठाकडे जाणारा रस्ता, जो ओळखीचा असेल तो, एका पानावर काढा आणि त्यात सहा चुका पेरा: खांब इमारतीच्या मागे हवा तो पुढे, पाटीच्या वरच्या कडेचा लोपबिंदू वेगळा, टेम्पोची चाकं दोन वेगळ्या जमिनींवर, असं काहीतरी. वही मैत्रिणीला द्या. तिला सहाऐवजी आठ सापडल्या तर वरच्या दोन तुमच्या स्वतःच्या, आणि त्या दोनच सगळ्यांत महत्त्वाच्या.

हात मोकळा झाला की एखादा रविवार हजीऱ्याकडे मोहम्मद घौसच्या सोळाव्या शतकातल्या मकबऱ्यासाठी ठेवा. तिथल्या दगडी जाळ्यांत षटकोनावर उभारलेली एखादी रचना निवडा आणि ती त्याच ठिपक्यांच्या कागदावर उतरवा. आधी सपाट, मग दगडाची जाडी देऊन. जाडी द्यायला लागलात की प्रत्येक पट्टीची कुठली बाजू दिसते आणि कुठली लपते हे ठरवावं लागतं, आणि तिथे एकदा तरी अशक्य आकृती आपोआप तयार होते. बेरीज करा, सापडेल.

परीक्षांविषयी थोडं. आर्किटेक्चरची नाटा काउन्सिल ऑफ आर्किटेक्चर घेतं, जेईई मेनचा दुसरा पेपर वेगळा, डिझाइनची यूसीड आयआयटी मुंबई घेते, एनआयडीची स्वतःची परीक्षा असते. एनआयडीचं मध्य प्रदेशातलं केंद्र आणि स्कूल ऑफ प्लॅनिंग अँड आर्किटेक्चर दोन्ही भोपाळला आहेत, त्यामुळे घरापासून फार लांब जावं लागेलच असं नाही. गुणांची विभागणी आणि चित्राच्या प्रश्नांची संख्या बदलत असते. क्लासच्या जाहिरातीवर न जाता त्या वर्षीची माहितीपुस्तिका वाचा. वस्तू फिरवून कशी दिसेल, किती पृष्ठं आहेत, दिलेल्या व्ह्यूंवरून वस्तू कोणती, असे प्रश्न मात्र कुठल्या ना कुठल्या रूपात येतातच, आणि वरचा सराव त्यांच्यासाठीच आहे.

पोर्टफोलिओत नुसता पेनरोझ त्रिकोण लावू नका. परीक्षकांनी तो पुष्कळ वेळा पाहिलेला असतो, आणि एशरची नक्कल तर त्याहून जास्त. त्याऐवजी एका पानावर चौघांना शेजारी बसवा: त्रिकोणाचं आयसोमेट्रिक, पुठ्ठ्याच्या वस्तूचा भलत्याच कोनातून घेतलेला फोटो, तिचे मापांसकट तीन व्ह्यू, आणि नेमक्या कोनातून जुळलेला फोटो. स्केचअप येत असेल तर तीच वस्तू त्यात उभी करा. कॅमेऱ्याच्या मेनूत पॅरलल प्रोजेक्शन निवडून आयसो व्ह्यू घेतला की दांड्यांची टोकं जुळतात आणि पर्स्पेक्टिव्ह चालू केलं की सुटतात. दोन्ही चित्रं छापून त्याच पानावर लावा. अक्षरं मात्र हाताने लिहा, मोठी आणि सरळ, ओळी आखून.